शेपटीचा तडाखा

इतिहासातल्या खऱ्या आपत्तीमागे एखादा महाकाय प्राणी होता, अशी कल्पना करणारी कॉमिक्स आज आवडीने वाचली जातात. २०१६ साली अमेरिकेत निघालेल्या एका मालिकेने गॉडझिलाला थेट १२७४ सालच्या जपानमध्ये, मंगोल आक्रमणाच्या धामधुमीत नेऊन सोडलं. मंगोल आरमाराची वादळाने दाणादाण उडाली, असं परंपरा सांगते. चित्रकथेने त्या आपत्तीला देह दिला. ही नजर आपल्याला परकी नाही. जूचंद्र गावच्या डोंगरावर जिचं देऊळ आहे, त्या चंडिकेचा पराक्रम गाणाऱ्या 'देवीमाहात्म्या'चा तिसरा अध्याय याच नजरेने वाचावा.

मार्कंडेय पुराणातल्या या तेरा अध्यायांच्या ग्रंथात, चिक्षुर, चामर असे सेनापती पडल्यावर महिषासुर रेड्याच्या रूपात स्वतः चालून येतो. त्याच्या गरगर फिरण्याने जमीन फुटते. शिंगांनी डोंगर भिरकावले जातात. शेपटीच्या तडाख्याने समुद्र चहूकडे पसरतो, शिंगं हलली की ढगांच्या चिंध्या होतात आणि नुसत्या श्वासाने उडालेले पर्वत आभाळातून कोसळतात. भूकंप, पूर, वादळ अशा सगळ्या आपत्ती त्या एका देहात वाटून दिल्या आहेत. अख्खा रेडा कवी एकदाही दाखवत नाही. झालेल्या नासधुशीवरून त्याचा आकार आपणच ताडायचा. चौकटीत न मावणारा प्राणी कसा रंगवावा, याचा हा वस्तुपाठच आहे. खाडीचं उधाण आणि मिठागरांचे बांध ज्यांच्या रोजच्या ओळखीचे, त्यांना तो शेपटीचा तडाखा अतिशयोक्ती वाटणार नाही. बांध फुटला की आगरातलं मीठ पाण्यात जातं.

पुढे कथेचा वेग वाढतो. देवी पाश टाकते आणि रेड्याचा सिंह होतो, सिंहाचा खड्गधारी पुरुष, पुरुषाचा हत्ती, मग पुन्हा रेडा. पृथ्वी डळमळत असताना इथे कवी एकदम थांबतो. देवी मद्य प्राशन करते, तिचे डोळे लाल होतात, ती हसते. या घटकाभराच्या निवांतपणातच तिचं सामर्थ्य कळतं. मग ती झेप घेते, त्याच्या मानेवर पाय रोवून शूल मारते. स्वतःच्याच मुखातून अर्धवट बाहेर पडलेला असुर तिथेच अडकतो आणि त्याचं शिर उडतं. शिल्पकारांनी हाच क्षण पुन्हापुन्हा कोरला. जूचंद्रच्या नामांकित रांगोळी कलावंतांनाही आव्हान द्यावं, असा हा क्षण आहे: एकाच देहात दोन रूपं, आणि दोन्ही अपुरी.

गॉडझिलाच्या कथेत आपत्तीला सन आहे. पुराणाने तो दिला नाही, म्हणून प्रत्येक पिढीला आपला महापूर, आपला भूकंप त्या रेड्यात ओळखता येतो. रूपं बदलत येणाऱ्या संकटाला रूप बदलतानाच गाठावं लागतं, ही या अध्यायाची शिकवण मला फार मोलाची वाटते. अक्राळविक्राळ प्राण्यांच्या कितीतरी कथा भीती दाखवून थांबतात. ही कथा भीतीच्या मानेवर पाय ठेवायला शिकवते.