मुलाखत, ध्वनिमुद्रिका आणि कर्तृत्व : मुंबईच्या जॅझवादकांच्या आठवणींचे वाचन

वादकाची मुलाखत ही सामान्यतः चरित्राची पूरक सामग्री मानली जाते. मुंबईच्या जॅझवादकांच्या संदर्भात ही समजूत अपुरी पडते. यांतील बहुतेकांनी आत्मचरित्र लिहिले नाही. चित्रपटगीतांच्या तबकड्यांवरही गायक आणि संगीतदिग्दर्शक यांचीच नावे छापली गेली. अशा स्थितीत मुलाखत हीच मूळ संहिता ठरते. ग्रेगरी बूथ यांचे 'बिहाइंड द कर्टन' (२००८) आणि नरेश फर्नांडिस यांचे 'ताज महाल फॉक्सट्रॉट' (२०१२) हे ग्रंथ या दृष्टीने वाचणे आवश्यक आहे.

लिऑन अॅबी यांचा वाद्यवृंद १९३५ मध्ये ताजमहाल हॉटेलात आला, तेव्हापासून गोमंतकीय वादकांना आफ्रिकी-अमेरिकी संगीताचा प्रत्यक्ष सहवास लाभला. पोर्तुगीज राजवटीतील चर्चशाळांत त्यांना स्वरलेखन अवगत झालेले होते. पुढे रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा स्टुडिओत चित्रपटसंगीत अशी दुहेरी कारकीर्द घडली. हल्दोणे येथील आंतोनियो शाव्हियेर वाझ, म्हणजेच ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट (१९१६–१९६७), हे तिचे ठळक उदाहरण होय. 'अलबेला' (१९५१) या चित्रपटासाठी त्यांनी सी. रामचंद्र यांचे साहाय्यक म्हणून काम केले.

येथे तुलनेला अवकाश मिळतो. सी. रामचंद्र यांचे 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र मराठीत उपलब्ध आहे; चिक चॉकलेट यांची कारकीर्द मात्र आप्त आणि सहकारी यांच्या कथनांतून जुळवावी लागते. एकाच ध्वनिमुद्रणाचे दोन सहभागी, पण एक स्वतःच्या कथनाचा कर्ता, तर दुसरा इतरांच्या स्मृतीतील पात्र. चाल सुचणे आणि वाद्यमेळ रचणे यांतील सीमारेषा स्टुडिओत धूसर असते. छापील श्रेयनामावलीत ती ठाम होते. मुलाखत या ठामपणाला आव्हान देते. म्हणूनच तिच्यातील दावा हा केवळ आठवणीचा भाग न राहता कर्तृत्वावरील हक्क ठरतो.

तथापि हा हक्क तपासल्यावाचून मान्य करता येणार नाही. अनेक दशकांनंतर सांगितलेल्या आठवणीत पुढच्या काळाची कीर्ती मिसळते. व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांचे नाव त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्यामुळे 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधील गीतात आले आणि सर्वतोमुखी झाले. पण भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्याचा त्यांचा १९५८ मधील प्रयत्न त्या कीर्तीखाली झाकला गेला. मुलाखतकार कोणत्या तबकडीपासून प्रश्न सुरू करतो, यावर कोणते आयुष्य सांगितले जाईल हे अवलंबून असते.

बेंगळुरूचे उदाहरण या मुद्द्याची उलट बाजू दाखवते. टी. ए. एस. मणी यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेल्या कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशन या संस्थेने अमेरिकी सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानो यांच्यासह 'ज्योती' (१९८३) ही ध्वनिमुद्रिका केली. तेथे दोघांचाही उल्लेख मुखपृष्ठावर आहे. त्यामुळे अशा कलावंताशी होणारा संवाद शैली आणि सहयोग यांकडे वळू शकतो. मुंबईच्या वादकाला आधी 'ते वाजवणारा मी होतो' हे सिद्ध करावे लागते.

मराठी संगीतविषयक लेखन घराणे आणि गुरुपरंपरा यांच्या आधारे आयुष्याची मांडणी करते. जॅझवादकाच्या कथनाचे टप्पे वेगळे आहेत : हॉटेलचा हंगाम, वाद्यवृंदाचा नायक, ध्वनिमुद्रणाचा दिवस. गावच्या मेस्त्रीचा उल्लेख येतो, पण तो अधिकाराचा पुरावा म्हणून नव्हे. हा भेद लक्षात न घेता या मुलाखती घराण्याच्या चौकटीत वाचल्या, तर त्या विस्कळीत आठवणी वाटतील. तौलनिक अभ्यासाने त्यांना आत्मचरित्राच्या शेजारी, समान दर्जाने आणि तितक्याच कठोर चिकित्सेने ठेवले, तरच ऐकू येणाऱ्या पण नाव नसलेल्या स्वरांना कर्ता लाभेल.