मागच्या चाकांवरून चारही चाकांवर : एका यांत्रिक रूपांतराची चिकित्सा

मराठीत मोटारीला सर्रास 'चारचाकी' म्हटले जाते; पण त्या चारांपैकी गाडी पुढे नेण्याचे काम बहुधा दोनच चाके करीत असतात, उरलेली दोन भार वाहतात एवढेच, ही गोष्ट त्या शब्दात बुडून जाते. हिमायतनगर आणि किनवट यांच्या दरम्यान, इस्लापूरच्या परिसरात, पाऊस लागला म्हणजे ही बुडालेली गोष्ट वर येते. तेथील काळी माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या नक्षीत गच्च भरते आणि खाचांचे टायर घटकाभरात गुळगुळीत करून सोडते. पैनगंगेवरील सहस्रकुंडाचा धबधबा पाहून डांबरी सडक सोडलेली, मागच्या चाकांनी चालणारी गाडी शेताच्या वाटेवर जागच्या जागी चाके फिरवीत राहते. मग 'हिला फोर बाय फोर करून घेता येईल काय' हा प्रश्न निघतो. क्रीडामोटारींच्या शौकिनांतही हाच प्रश्न फार दिवसांपासून घोळत आहे. फरक इतकाच की तेथे चिखलाऐवजी पाचशे अश्वशक्तीचे इंजिन चाके घसरविते. या प्रश्नामागे दोन गृहीतके असतात. चारही चाकांना बळ दिले की पकड दुप्पट होते, हे एक. आणि हे बळ मूळ यंत्ररचनेत मागाहून जोडता येते, हे दुसरे. दोन्ही गृहीतके अर्धीच खरी आहेत.

पहिल्याचा विचार आकड्यांनी करणे सोयीचे. समजा, एका गाडीचा भार पुढील व मागील आसांवर समसमान आहे, तिच्या दोन आसांमधील अंतर अडीच मीटर आहे आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आहे. गाडी वेग घेऊ लागली की भार मागे सरकतो. कोरड्या डांबरावर, घर्षणगुणांक १ धरल्यास, मागील चाकांवर चालणारी ही गाडी गुरुत्वत्वरणाच्या ०.६२ पट त्वरण घेऊ शकते. चारही चाकांवर तीच गाडी १ पट घेईल. म्हणजे लाभ दुपटीचा नसून १.६ पटीचा आहे. ओल्या सडकेवर गुणांक ०.५ झाला, तर हे आकडे ०.२८ आणि ०.५ होतात, आणि लाभ १.८ पटीवर जातो. चिखलात, ०.२ गुणांकाला, ते ०.१०४ आणि ०.२ होतात, येथे मात्र लाभ जवळजवळ दुप्पट आहे. हीच राशी चढाचीही मर्यादा ठरविते : चिखलात मागील चाकांची गाडी सुमारे साडेनऊस एक इतकाच चढ चढेल, चारही चाकांची पाचास एक. थोडक्यात, पकड जितकी दुर्बल तितका चार चाकांचा लाभ मोठा. क्रीडामोटारीचा धनी कोरड्या सडकेवरील अनुभवावरून जे मत बनवितो आणि इस्लापूरचा शेतकरी चिखलावरून जे बनवितो, ती दोन्ही आपापल्या जागी बरोबर असूनही एकमेकांना लागू पडत नाहीत, याचे कारण हेच.

परंतु या गणिताला एक दुसरी बाजू आहे, आणि तिच्याकडे जाहिरातीच नव्हे तर पुष्कळसे जाणकारही डोळेझाक करतात. ब्रेक पूर्वीपासून चारही चाकांना असतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ओल्या सडकेवर, ०.५ गुणांकाला, सुमारे ५० मीटरांत थांबेल. तिला पुढची चालना जोडली तरी ते अंतर एका हातानेही कमी होत नाही. वळणाचेही तसेच. टायरची पकड ही एक ठरीव शिल्लक आहे; तिच्यातील सहा दशांश ओढण्यात खर्च झाली, तर वळण्यासाठी आठ दशांशच उरते. पुढची चाके आधीच वळविण्याचे काम करीत असतात, त्यांच्यावर ओढण्याचे काम लादले की गाडी वळणाच्या बाहेर जाऊ पाहते. चालकाला सुटताना जो विश्वास वाटतो, तो थांबताना व वळताना फसवा ठरू शकतो.

हा सगळा विचार ज्याच्या नावाने मोटारीत आला, तो हॅरी फर्ग्युसन मराठवाड्यात मोटारीमुळे नव्हे, तर ट्रॅक्टरमुळे पोचला आहे. ट्रॅक्टरच्या मागे नांगर तीन ठिकाणी जोडून तो हायड्रॉलिकने उचलण्याची जी पद्धत आज प्रत्येक शेतात दिसते, ती मूळ त्याची. त्या रचनेचे मर्म असे की नांगराला जमिनीकडून होणारा विरोधच मागील चाकांवर भार म्हणून उतरविला जातो. चाक घसरते, तर त्यावर वजन आणा, असे ते उत्तर आहे. पुढची चाके फिरविण्याचा विचार त्यात नाही. याच फर्ग्युसनने १९५० साली टोनी रोल्ट व फ्रेडी डिक्सन यांच्या साह्याने संशोधनसंस्था काढून मोटारीसाठी मात्र उलट मार्ग धरला, ही वस्तुस्थिती विचार करण्याजोगी आहे. ट्रॅक्टरला भार देणारी जमीन सतत खेचत असते; मोटारीला तसे काही नाही. जे बाहेरून मिळत नाही, ते आतून वाटून घ्यावयाचे, एवढाच पर्याय उरला.

१९६० साली फर्ग्युसन वारला. त्यानंतरच्या वर्षी त्याच्या संस्थेच्या पी ९९ या शर्यतीच्या गाडीने इंग्लंडमधील औल्टन पार्क येथे, ओलसर सडकेवर, स्टर्लिंग मॉसच्या हातून सुवर्णचषक जिंकला. जागतिक अजिंक्यपदात ती शर्यत मोजली जात नव्हती. तरीही फॉर्म्युला वनच्या नियमांखाली चारही चाकांच्या गाडीने मिळविलेला तो एकमेव विजय होय. १९६९ मध्ये लोटस, मॅट्रा व मॅक्लॅरन यांनी तोच प्रयोग पुन्हा केला आणि तो साफ फसला. गाड्या जड झाल्या, चालकांना त्या वळणात आडमुठ्या वाटल्या. आणि दरम्यान रुंद टायर व हवेच्या दाबाने गाडी जमिनीशी दाबून धरणारे पंख आले होते. पंख म्हणजे तरी काय? चाकावर वजन आणण्याचीच ती एक युक्ती. शर्यतीच्या मैदानात मोटारकार फर्ग्युसनचा पराभव ट्रॅक्टरकार फर्ग्युसनने केला, असे म्हणण्याचा मोह होतो.

रूपांतर या दृष्टीने खरी अभ्यसनीय कृती म्हणजे १९६६ सालची जेन्सन एफएफ. जेन्सन कंपनीची इंटरसेप्टर ही मागच्या चाकांवर चालणारी, ६.३ लिटरच्या क्रायस्लर इंजिनाची भारदस्त गाडी. तिलाच फर्ग्युसनची यंत्रणा बसवून एफएफ सिद्ध झाली. वरवर पाहणाराला दोहोंत फरक दिसतो तो पुढील चाकामागच्या हवेच्या झडपांचा : एकीला एक, दुसरीला दोन. आत मात्र जवळजवळ दुसरी गाडी आहे. गिअरबॉक्सच्या मागे मध्यवर्ती डिफरन्शियल आले. त्यातून साखळीने बळ बाजूला घेऊन एक शाफ्ट इंजिनच्या डाव्या अंगाने पुढे नेला, आणि त्या सर्वांना जागा मिळावी म्हणून आसांमधील अंतर ४ इंचांनी वाढविले. विमानांवरून घेतलेली डनलॉपची मॅक्सारेट ही चाक न अडकू देणारी ब्रेकयोजनाही तिला दिली. वर सांगितलेली ब्रेकची दुखरी बाजू तिच्या कर्त्यांनी ओळखली होती, हे यावरून दिसते, आणि त्यांच्या दूरदृष्टीचा हा सर्वांत मोठा पुरावा होय. चालना चारही चाकांना देऊन ब्रेक जुनेच ठेवणाऱ्या आजच्या कित्येक हौशी रूपांतरांत ही समज आढळत नाही.

बळाची वाटणी त्यांनी ३७ टक्के पुढे व ६३ टक्के मागे अशी ठेवली. हा आकडा लहरीने आलेला नाही. वरच्या कल्पित गाडीत पूर्ण जोराने वेग घेताना मागील आसावरचा भार कोरड्या सडकेवर ७० टक्क्यांपर्यंत जातो आणि चिखलात ५४ टक्क्यांवरच राहतो. जेन्सनचा भारविभाग या कल्पित गाडीहून निराळा असला, तरी ६३ हा आकडा त्या दोन टोकांमध्ये, कोरड्याकडे किंचित झुकलेला पडतो. एकच ठरीव वाटणी कोणत्याही सडकेला पूर्ण न्याय देऊ शकत नाही, हा त्या यंत्रणेतील अंगभूत दोष. पण तो जाणून केलेली ही तडजोड आहे.

एवढे असूनही १९७१ पर्यंत केवळ ३२० गाड्या निघाल्या. अपयशाचे कारण किमतीत शोधण्याची प्रथा आहे. ते खरे असले तरी पुरेसे नाही. शाफ्ट इंजिनच्या डाव्या अंगाने गेल्यामुळे सुकाणूचक्र डावीकडे नेण्याची वाटच बंद झाली. इंटरसेप्टर अमेरिकेत विकता येत होती, एफएफ येत नव्हती. मूळ आराखड्यात नसलेला एक दांडा आत आला आणि त्याने अर्धी बाजारपेठ गिळली. 'मागाहून जोडता येते' या दुसऱ्या गृहीतकाचे याहून बोलके खंडन मिळणे कठीण.

या अडचणीचे मूळ इंजिनच्या तळाशी आहे. मागील चाकांच्या गाडीत इंजिनखालचे तेलाचे भांडे नेमके तेथे असते, जेथून पुढच्या चाकांचे आस जावयास हवेत. इंजिन उचलावे, तर गुरुत्वमध्य वर जातो. आस पुढे सरकवावा, तर गाडी लांबते. १९८९ च्या निस्सान स्कायलाइन जीटी-आरने आस तेलाच्या भांड्यातूनच पार नेला आणि पुढची चाके बहुप्लेटी क्लचने लागेल तेवढीच जोडली; वाटणी ठरीव राहिली नाही. त्याच वर्षीच्या पोर्शे ९११ कॅरेरा ४ मध्ये इंजिन मुळातच मागच्या आसामागे असल्याने पुढे जागा मोकळी होती. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या कॉर्व्हेट ई-रेने तर शाफ्टच काढून टाकला : पुढच्या आसाला स्वतंत्र विद्युत मोटार दिली. जेन्सनला जो दांडा नडला, तो येथे तारेने बदलला आहे. यशस्वी रूपांतरे ही सगळी कारखान्याच्या आराखड्यावर झाली, गॅरेजात क्वचितच.

महाराष्ट्रातला इतिहास याच्या उलट दिशेने गेला आहे. मुंबईत महिंद्रांनी जुळविलेली विलीज जीप जन्मतःच चारही चाकांची होती. पुढे तिच्या वंशातील पुष्कळ गाड्या प्रवासी वाहतुकीसाठी मागच्या दोन चाकांवर आल्या. मराठवाड्यातील काळी-पिवळी जीप त्यांपैकीच. अशा जुन्या जीपला पुढची चालना देणे हे रूपांतर नसून घरवापसी होय : सांगाड्यात जागा होतीच, पुढचा आसही अखंड होता. त्यातील यंत्रणेला मध्यवर्ती डिफरन्शियल नसे, आणि चिखलात त्याची गरजही नाही. कोरड्या सडकेवर मात्र ती जोडून ठेवता येत नाही. सहा मीटरांच्या त्रिज्येने काटकोनात वळताना पुढची चाके मागच्यांहून सुमारे पाऊण मीटर अधिक चालतात, आणि तेवढा पीळ शाफ्टला सोसावा लागतो. जीपचा नमुना क्रीडामोटारीला का चालत नाही, याचे उत्तर या पाऊण मीटरात आहे.

नाशकात बनणाऱ्या थारची गोष्ट आणखी निराळी. २०२० साली आलेली ही गाडी प्रथम केवळ चारही चाकांच्या चालनेसह मिळे. जानेवारी २०२३ मध्ये तिची मागील चाकांची आवृत्ती निघाली. दोघी सारख्या दिसतात म्हणून एकीची दुसरी करता येईल, असे वाटणे साहजिक आहे. पण स्वस्त आवृत्तीचे डिझेल इंजिन १.५ लिटरचे, चौचाकीचे २.२ लिटरचे. पुढील चाके स्वतंत्र टांगणीवर असल्याने नुसता आस बदलून भागत नाही. त्यातच मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ आहे : निर्मात्याने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत बदल नोंदणीकृत वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा अर्थ कडकपणेच लावला आहे. अपघात झाला तर विमा-दाव्याचा प्रश्न या कलमाशी येऊन भिडणार, हे उघड आहे.

तरीही समजा, कोणी असे रूपांतर केलेच, आणि इस्लापूरजवळच्या एखाद्या टेकडीवरील सहास एक चढाची ओली वाट ती गाडी चढून गेली. मागच्या चाकांवर ती वर पोचलीच नसती. आता उतरताना चारही चाकांचे ब्रेक लावले, तरी ०.२ गुणांकातील बहुतेक सारी पकड उतार थोपविण्यातच खर्च होते. ताशी २० किलोमीटर वेगावरून थांबावयास सपाट चिखलात जेथे ८ मीटर पुरतात, तेथे या उतारावर सुमारे ४८ मीटर लागतात. खालचा गिअर घालून इंजिनने वेग आवरला, तरी ती पकडही त्याच चार टायरांतून यावयाची असते.