अंकी आणि अक्षरी

मुखपृष्ठावरून पुस्तकाची परीक्षा करू नये म्हणतात. असं म्हणणाऱ्याने चित्रकादंबरी कधी विकत घेतलेली नसावी. (हिलाच ‘ग्राफिक नॉव्हेल’ म्हटलं की किंमत चौपट होते.) साध्या कादंबरीचं बरं असतं. आत नुसती अक्षरं. बाहेर एक सूर्यास्त, एक निष्पर्ण झाड आणि एक पाठमोरी बाई काढली की चित्रकार मानधन घ्यायला मोकळा. पण जिथे आत पानोपानी चित्रंच आहेत, तिथे बाहेर आणखी एक चित्र कशाला? एकाच मालावर दोनदा खर्च! कॉमर्सच्या पदवीधराला असले प्रश्न पडायचेच.

उत्तर चेकवर आहे. चेकवर रक्कम दोनदा लिहितात, अंकी आणि अक्षरी. मुखपृष्ठ ही अंकी रक्कम, एका नजरेत कळणारी. आतली गोष्ट अक्षरी. दोन्ही जुळायला हव्यात.

ॲलन मूर आणि चित्रकार डेव्ह गिबन्स यांचं ‘वॉचमेन’ घ्या. (सोसायटीच्या गुरख्याशी संबंध नाही.) १९८६-८७ साली ते बारा अंकांत आलं. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर नायक नाही, मारामारी नाही. पिवळ्या हसऱ्या बिल्ल्याचा अगदी जवळून दिसणारा तुकडा आणि त्यावर रक्ताचा ओघळ. पान उलटलं की तोच बिल्ला गटारात पडलेला, आणि नजर चौकटीचौकटीने वर चढत उंच इमारतीच्या फुटक्या खिडकीशी पोचते. म्हणजे मुखपृष्ठ हीच गोष्टीची पहिली चौकट! बाराही अंकांत तसंच. हिशेब पैशापर्यंत जुळला.

पण खरा अवघड चेक आर्ट स्पीगलमनच्या ‘माउस’चा. वडील ऑशविट्झमधून वाचले, त्यांची ही कहाणी. पहिला भाग १९८६ चा. ज्यू उंदीर, नाझी मांजरं. मुखपृष्ठावर एकमेकांना बिलगलेले दोन उंदीर, आणि मागे नाझींचं स्वस्तिक, त्यात हिटलरच्या मिशीचं मांजर. वहीपूजनाला पहिल्या पानावर स्वस्तिक काढणाऱ्या आपल्यासारख्यांच्या पोटातही इथे गोळा येतो. तो यावा म्हणूनच ते काढलंय.

२०१५ साली मॉस्कोतल्या पुस्तकांच्या दुकानांनी ‘माउस’ फळीवरून काढून टाकलं. नाझी चिन्हांविरुद्ध मोहीम चालू होती, आणि चिन्ह मुखपृष्ठावर! नाझींनी छळलेल्या माणसाची कहाणी नाझींच्या खात्यावर जमा झाली. अंकी आणि अक्षरी रकमेत फरक पडला तर अक्षरी खरी धरावी, असं आपला १८८१ चा कायदा सांगतो. दुकानदारांनी अक्षरी रक्कम वाचलीच नाही. (तसे आम्हीही असा चेक परतच करतो म्हणा.)

मग स्पीगलमनने ते चिन्ह गाळायला हवं होतं का? छे! कोट घातलेले दोन उंदीर तेवढे उरले असते, आणि पुस्तक बालवाङ्मयाच्या कपाटात गेलं असतं. वडिलांनी जे भोगलं त्याची रक्कम कमी करून लिहायची, ती कोणाच्या सोयीसाठी? चेक परत आला तरी चालेल, पण आकडा खराच हवा. वाङ्मयात तरी ही चैन परवडली पाहिजे.