पिकासोचा उन्हाळा आणि आगारचं चाक

पिकासोच्या उत्तरायुष्याचं आपल्या मनातलं चित्र बव्हंशी छायाचित्रकारांनी घडवलेलं आहे. उघडं अंग, आखूड चड्डी, मागे भूमध्य समुद्र. १९४८ साली रॉबर्ट कापानं गोल्फ-ज्युआंच्या किनाऱ्यावर टिपलेलं छायाचित्र तर सर्वांच्या परिचयाचं आहे. फ्रांस्वाज जिलो हसत पुढे चालली आहे आणि पिकासो तिच्यावर भलीमोठी छत्री धरून मागून येतो आहे. पासष्टी ओलांडलेला, जगभर गाजलेला चित्रकार, तरुण सहचरी, ऊन, वाळू आणि उरलेल्या वेळात थोडं मातीकाम. पिकासोच्या मातीकामाकडे समीक्षेनंही बराच काळ याच नजरेनं पाहिलं. चित्र हे खरं काम आणि मडकी-ताटल्या म्हणजे उन्हाळी सुट्टीतला विरंगुळा, अशी ही वाटणी आहे.

मला ही वाटणी मान्य नाही. वालोरीसमधले ते उन्हाळे सुट्टीचे नव्हते, कामाचे होते. आणि ते काम एकट्याचं नव्हतं. पिकासोच्या मातीकामात काय उत्तम आणि काय सामान्य, याचा निवाडासुद्धा ते कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेलं हे पाहिल्याशिवाय करता येत नाही, असं माझं म्हणणं आहे. ते मांडण्यासाठी आधी त्या गावाकडे आणि मग तिथल्या दिवसाकडे पाहावं लागेल.

स्वयंपाकाच्या भांड्यांचं गाव

वालोरीस हे दक्षिण फ्रान्समधलं, कान शहराजवळचं कुंभारांचं गाव. इथली माती भाजायला चांगली आणि भट्टीला लागणारं पाइनचं लाकूड आसपासच्या डोंगरांवर भरपूर. इथली खरी ओळख होती ती चुलीवर ठेवायच्या भांड्यांची. आतून झिलई दिलेली, जाळ सोसणारी ही मातीची भांडी रेल्वे आल्यावर दूरदूर जाऊ लागली. मग धातूची स्वस्त भांडी आली आणि विसाव्या शतकात या धंद्याला उतरती कळा लागली. आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या पातेल्यानं कुंभाराची खापरी आणि मडकी चुलीवरून उतरवली, त्याचीच ही फ्रेंच आवृत्ती. फरक एवढाच, की आपल्या कुंभाराला उन्हाळ्यातल्या पाण्याच्या माठानं थोडा तरी हात दिला. वालोरीसला एक चित्रकार भेटला.

जुलै १९४६ मध्ये पिकासो तिथल्या कुंभारांचं प्रदर्शन पाहायला गेला. मादुरा या कार्यशाळेचे मालक जॉर्ज आणि सुझान रामिए यांची तिथेच ओळख झाली. त्यांच्याकडे जाऊन त्यानं दोन-चार लहानसे नग केले आणि तो निघून गेला. पुढच्या उन्हाळ्यात तो परत आला तेव्हा ते नग भाजून, जपून ठेवलेले होते. या वेळी तो मनात कल्पना आणि वहीत रेखाटनं घेऊनच आला होता. १९४८ मध्ये त्यानं त्याच गावात ‘ला गालवाज’ हे घर घेतलं, पुढे अत्तराच्या एका बंद कारखान्यात चित्र-शिल्पांसाठी जागा केली आणि १९५५ पर्यंत मुक्काम तिथे ठेवला. मादुराशी असलेला संबंध त्यानंतरही १९७१ पर्यंत टिकला.

एक तपशील या कथेत नेहमी मागे पडतो. सुझान रामिए स्वतः मातीकाम करणारी कलावंत होती. वालोरीसचे जुने, वापरातले आकार घेऊन त्यांना साधं, नवं रूप देण्याचं तिचं काम पिकासो येण्याआधीच सुरू होतं. तो एखाद्या मोडकळलेल्या गावात प्राण फुंकायला आला नव्हता. जिथे कुणीतरी आधीच जाणतेपणानं काम करत होतं, अशा ठिकाणी तो आला.

मातीचं वेळापत्रक

जिलोच्या आठवणींतून पिकासोचा दिवस बऱ्यापैकी दिसतो. त्याची सकाळ उत्साहाची नसे. तो उदास उठायचा, तक्रारी करायचा आणि त्याची समजूत घालण्यात तिचा बराच वेळ जायचा. उन्हाळ्यात सकाळ समुद्रावर आणि दुपारपासून काम, असा साधारण क्रम असे. हाच माणूस पॅरिसमध्ये रात्री उशिरापर्यंत चित्रं रंगवायचा. कॅनव्हास त्याची वाट पाहत थांबू शकतो. आज सोडलेलं तैलचित्र महिन्यानंतरही पुढे नेता येतं.

माती थांबत नाही. चाकावरून उतरलेलं भांडं आधी इतकं ओलं असतं की हात लावला तर बसतं. मग ते चामड्यासारखं होतं. तेव्हा ते वाकवता, कापता, जोडता येतं. त्यानंतर ते कोरडं पडतं आणि वाकवायला गेलं की तडकतं. भूमध्य सागराकाठच्या उन्हाळ्यात ही मधली अवस्था लवकर सरते. ओल्या फडक्यानं भांडं झाकून ती थोडी लांबवता येते, इतकंच. म्हणजे कधी यायचं, कुठून सुरुवात करायची आणि कधी हात काढायचा, हे माती ठरवणार. आयुष्यभर स्वतःच्या लहरीवर काम केलेल्या माणसानं इथे दुसऱ्याचं वेळापत्रक मान्य केलं होतं.

रंगांच्या बाबतीतही तेच. चित्रकार रंग लावतो तेव्हा तो त्याला दिसतो. मातीवर लावायचे रंग म्हणजे धातूंची ऑक्साइडं. कोबाल्ट लावताना काळपट असतं आणि भट्टीतून निळं होऊन येतं. तांब्याचं हिरवं होईल की फिरोजी, हे झिलईच्या घटकांवर ठरतं. रंगीत मातीचा पातळ लेप, मेण लावून राखलेल्या जागा, वरची झिलई या साऱ्यांचा निकाल भट्टी उघडल्यावर लागतो. पिकासो इथे जवळजवळ आंधळेपणानं रंगवत होता आणि उत्तर मिळायला त्याला दिवसच्या दिवस वाट पाहावी लागत होती. विरंगुळ्यासाठी कुणी असं माध्यम निवडत नाही.

काय टिकलं, काय नाही

या कामाचे ढोबळमानानं दोन गट पडतात. पहिला ताटल्यांचा: चेहरे, बैलझुंजी, बोकडाचं डोकं, मासे. यातली काही कामं फार सुंदर आहेत. बैलझुंजीच्या लंबगोल ताटात ताटाची कड म्हणजेच प्रेक्षकांची गॅलरी होते आणि खोलगट मध्य म्हणजे रिंगण. तिथे भांड्याचा आकारच विषय बनतो. पण अनेक ताटल्यांत गोल पृष्ठभाग ही फक्त रंगवायची जागा राहते. तोच चेहरा कागदावर असता तरी चाललं असतं. हे काम चटकन होतं, चटकन आवडतं आणि चटकन विसरलं जातं. ‘विरंगुळा’ हा आक्षेप या गटापुरता मला बराचसा रास्त वाटतो.

दुसरा गट वेगळा आहे आणि त्यात मादुराचा कारागीर ज्यूल आगार येतो. चाकावर बसायचा तो. त्यानं ओढून दिलेली उंच, अरुंद मानेची सुरई पिकासो अर्धओली असताना हातात घेई आणि दाबून, पिळून, वाकवून तिची बाई करी. मान म्हणजे बाईची मान, पोट म्हणजे नितंब, मधली दाबलेली जागा म्हणजे कंबर. अशाच एखाद्या पोकळ आकाराला दुमडून बसलेलं कबूतर तयार होई. इथे चाकाचा गोलावा पुसला जात नाही. आतून फुगवलेल्या भिंतीचा ताण शेवटपर्यंत जाणवत राहतो, आणि बाहेरून आलेला दाब त्याच्याशी झगडत असतो. या आकृतींची जिवंतपणाची भावना या झगड्यातून येते. आगारची भिंत जरा जाड किंवा असमान असती तर ती वाकवताना फाटली असती. म्हणजे पिकासोचा धीटपणा आगारच्या अचूकपणावर उभा आहे.

हे दोन गट शेजारी ठेवले की निवाड्याची कसोटी हाती येते. जिथे कुंभाराचा आकार निमूट पाठ देतो, तिथे काम सजावटीचं होतं. जिथे तो आकार उलट बोलतो, तिथे शिल्प होतं. गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी थापटून पाहिल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. मडक्याचं खरेपण वरून पाहून कळत नाही, आवाज ऐकावा लागतो, हे त्यातलं कुंभाराचं शहाणपण आहे. पिकासोची मडकीही अशीच वाजवून पाहायला हवीत. त्यांवरची सही पाहून नव्हे.

जॉन बर्जरनं १९६५ च्या आपल्या पुस्तकात पिकासोच्या उत्तरकाळाबद्दल कठोर मत मांडलं होतं. कसब शाबूत आहे, पण विषय संपले आहेत, असा त्याचा सूर होता. चित्रांबाबत या मताशी वाद घालणं मला अवघड जातं. पण वालोरीसमध्ये मातीनं आणि तिथल्या उकिरड्यांनी या माणसाला विषय पुरवले, हेही दिसतं. स्वयंपाकाच्या फुटक्या भांड्यांवर, भट्टीतल्या आधाराच्या तुकड्यांवर त्यानं आकृत्या काढल्या. १९५० च्या ‘बकरी’ या शिल्पात बरगड्या वेताच्या टोपलीच्या आहेत आणि आचळं मातीच्या भांड्यांची. १९५१ च्या माकडिणीचं डोकं मुलाच्या दोन खेळण्यातल्या मोटारींचं, आणि धड मोठ्या रांजणासारख्या भांड्याचं. त्याचे कान म्हणजे तिचे खांदे. कुंभारवाड्यात रोज वावरल्याशिवाय ही शिल्पं झाली नसती.

ज्यांचे दिवस लिहिले गेले नाहीत

मादुरामध्ये पिकासोच्या नमुन्यांवरून आवृत्त्या निघाल्या. १९४७ ते १९७१ या काळात ६३३ नमुने, प्रत्येकाच्या २५ पासून ५०० पर्यंत प्रती. काही प्रती कारागिरांनी मूळ नगाबरहुकूम घडवून रंगवल्या, काही साच्यावर दाबून काढल्या. सामान्य माणसाच्या घरी आपली वस्तू जावी, ही कल्पना १९४४ मध्ये कम्युनिस्ट पक्षात गेलेल्या पिकासोला रुचणारी होती. प्रत्यक्षात काय झालं? २०१३ मध्ये लंडनच्या लिलावात अशाच एका आवृत्तीतली बुरख्यातल्या स्त्रियांची मोठी फुलदाणी दहा लाख पौंडांच्या जवळपास गेली. ज्या कारागिराच्या हातानं ती प्रत घडली, त्याचं नाव किमतीत कुठेच नव्हतं.

आणि जिलो? ती स्वतः चित्रकार होती. याच वर्षांत क्लोद आणि पालोमा या दोन मुलांचा जन्म झाला, घर तिनं चालवलं, आणि तरीही ती रंगवत राहिली. १९५२ मध्ये पॅरिसला कान्वायलरच्या गॅलरीत तिचं प्रदर्शन झालं. १९५३ मध्ये मुलांना घेऊन ती निघून गेली. १९६४ मध्ये तिचं पुस्तक आलं तेव्हा पिकासोनं ते फ्रान्समध्ये रोखण्यासाठी न्यायालयात धाव घेतली आणि तो हरला. उतारवयातही ती चित्रं काढत राहिली आणि २०२३ मध्ये, १०१ व्या वर्षी वारली. गंमत अशी, की पिकासोच्या दिनक्रमाबद्दल आपल्याला जे कळतं, त्यातलं बरंचसं तिच्यामुळे कळतं. ती मात्र त्या दिनक्रमातलं एक पात्र म्हणून उरते. तीही त्याच घरात, त्याच उन्हाळ्यात काम करणारी कलावंत होती, हे आपण सहज विसरतो.

कलावंताचा दिनक्रम हा आजकाल आवडीनं वाचला जाणारा विषय आहे. तो किती वाजता उठतो, काय पितो, किती तास काम करतो. मला या वाचनात एक धोका दिसतो. त्या दिवसाला आधार देणारे बाकीचे दिवस त्यातून गळून पडतात: पहाटे माती मळणाऱ्याचा, भट्टीशी जागणाऱ्याचा, मुलांना झोपवून मग ब्रश हातात घेणारीचा. पिकासोला लहान करण्यासाठी मी हे म्हणत नाही. आगारच्या सुरईसमोर बसून तिच्याशी भांडायची हिंमत आणि नजर त्याचीच होती. पण भांडण एकट्यानं होत नाही. म्हणून त्या स्त्रीरूप सुरयांखाली संग्रहालयात जी पट्टी लावतात, तिच्यावर ‘चाकावर घडण: ज्यूल आगार’ ही ओळ असावी असं मला वाटतं. सौजन्य म्हणून नव्हे; ती ओळ वाचल्याशिवाय समोरच्या वस्तूत नेमकं काय घडलं आहे, ते पाहणाऱ्याला पुरतं दिसणार नाही म्हणून.