बंडाचे शब्द एकीकडे, सूर दुसरीकडे

मालवणच्या किनाऱ्यावर बसून युगोस्लाव्हियातल्या रॉक बँडवर कोण कशाला बोलेल, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असणार. तो देश तर आता नकाशावरही नाही. पण मला बोलायचंय ते मराठीबद्दल. मराठीत रॉक का रुजला नाही, हा आजचा प्रश्न. त्याचं एक ठरलेलं उत्तर आपल्याकडे आहे, आणि ते तपासून बघायला युगोस्लाव्हियाचा फार उपयोग होतो.

ठरलेलं उत्तर असं, की मराठी भाषेचा पिंडच तसा नाही. गिटार वाजवणारी आपल्या कणकवली-कुडाळची मुलंही हेच सांगतात. इंग्रजी शब्द चालीत ‘बसतात’, मराठी बसत नाहीत. आता मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्या धंद्यात एक सवय लागते. ‘त्याचा स्वभावच तसा आहे’ असं कुणी म्हटलं की तिथे जरा थांबायचं. बऱ्याचदा स्वभावाच्या नावाखाली इतिहास दडवलेला असतो.

आधी प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे काय ते थोडक्यात. साठच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये काही बँडना तीन मिनिटांचं गाणं अपुरं वाटायला लागलं. किंग क्रिमझनचा पहिला अल्बम १९६९चा. पुढे येस, जेनेसिस वगैरे मंडळी आली. लांबलचक रचना, मध्येच बदलणारी लय, चार मात्रांऐवजी पाच किंवा सात मात्रांची चाल, ऑर्गन आणि सिंथेसायझर, आणि ज्यांना काहीतरी सांगायचंय असे शब्द. थोडक्यात, रॉकने विचार करायला सुरुवात केली.

हे लोण युगोस्लाव्हियात लगेच पोचलं. बेलग्रेडमध्ये १९६८ साली कोर्नेलिये कोवाचने कोर्नी ग्रुपा काढला. तिथेच १९७० साली यू ग्रुपा आला. क्रागुयेवात्सचा स्माक, झाग्रेबचा टाइम, लुब्लियानाचा बुल्दोझेर, सारायेवोचे इंडेक्सी आणि बियेलो दुग्मे, स्कोप्येचा लेब इ सोल. गावं बघा किती वेगवेगळी आहेत. सगळं काही राजधानीत एकवटलेलं नव्हतं. लेब इ सोल म्हणजे ‘भाकरी आणि मीठ’. बियेलो दुग्मे म्हणजे ‘पांढरं बटण’. यांतली बहुतेक गाणी त्यांच्या स्वतःच्या भाषेत आहेत.

इंग्रजीचा मोह त्यांनाही झाला. कोर्नी ग्रुपाने १९७४ साली ‘नॉट अ‍ॅन ऑर्डिनरी लाइफ’ हा इंग्रजी अल्बम केला आणि तो इटलीत निघाला. त्याच वर्षी हा बँड युरोव्हिजन स्पर्धेत उतरला, बारावा आला. पहिला कोण? आबा. तो इंग्रजी अल्बम जरूर ऐका. वादन उत्तम आहे, रचना भरीव आहे. पण माझं मत विचाराल तर त्यातले शब्द कुठल्याच गावचे नाहीत. इंग्लंडमधल्या कुठल्याही बँडने ते गायले असते तरी फरक पडला नसता. आणि नेमकं हेच वाक्य मुंबईच्या सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच गाण्यांना लागू पडतं.

आता टीकेचा पहिला मुद्दा. परकं रूप आपलंसं करायचं म्हणजे काय करायचं? मला यात तीन पायऱ्या दिसतात. पहिली वेषाची. कुर्ता घालायचा, मध्येच थोडी सतार वाजवायची. दुसरी चालीची. लोकगीताची धून घ्यायची आणि तिच्याखाली ड्रम लावायचे. तिसरी लयीची. इथे आपलं कालमान, आपला श्वास त्या रूपाच्या आत शिरतो आणि मग ते रूपच बदलतं.

बियेलो दुग्मेचा १९७४चा पहिला अल्बम आला तेव्हा समीक्षकांनी त्याला ‘मेंढपाळी रॉक’ म्हणून हिणवलं. गोरान ब्रेगोविचने लोकधून आणि जड गिटार यांची मोट बांधली होती. लोकांना ती प्रचंड आवडली. माझ्या हिशेबात ही दुसरी पायरी. लेब इ सोलचं प्रकरण वेगळं. त्यांचा पहिला अल्बम १९७८चा, गिटारवर व्लात्को स्टेफानोव्स्की. मॅसेडोनियाच्या लोकनृत्यात सात मात्रांची चाल सर्रास असते. तिची विभागणी तीन-दोन-दोन. आता जरा हातावर मोजा. तीन, दोन, दोन. हा आपला रूपक झाला की! फरक एवढाच, की आपल्या रूपकात सम खालीवर येते, तिथे पहिल्या मात्रेवर वजन असतं. इंग्लंडच्या मुलांना सात मात्रा प्रयत्नाने शिकाव्या लागल्या. स्कोप्येच्या मुलांनी त्या लग्नाकार्यात नाचता-नाचता उचलल्या होत्या. म्हणून इंग्लिश बँड सातात वाजवतो तेव्हा अनेकदा गणित ऐकू येतं, आणि लेब इ सोल वाजवतो तेव्हा पाय हलतो.

मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये लयीची तीन तत्त्वं सांगितली: संवाद, विरोध आणि समतोल. ती इथे चपखल बसतात. गावची लय आणि विजेची गिटार यांच्यात आधी विरोध आहे. तो नुसता शेजारी-शेजारी ठेवून भागत नाही, त्याचा समतोल साधावा लागतो. लेब इ सोलमध्ये तो साधलाय. बियेलो दुग्मेच्या सुरुवातीच्या गाण्यांत कधी साधतो, कधी निसटतो.

दुसरा मुद्दा शब्दांचा, आणि माझ्या दृष्टीने हा जास्त महत्त्वाचा. सारायेवोमध्ये कवी आणि गिटारवाला एकमेकांना ओळखत होते. दुश्को त्रिफुनोविच हा मान्यवर कवी बियेलो दुग्मेसाठी गीतं लिहीत होता. इंडेक्सीने १९७८ साली ‘मोद्रा रियेका’, म्हणजे ‘निळी नदी’, हा अल्बम केला. ते शीर्षक माक दिझदार या बोस्नियन कवीच्या कवितेचं. कोर्नी ग्रुपाने ब्रांको चोपिचच्या कवितांवर ‘१९४१’ ही दीर्घ रचना बांधली. एका बँडने तर हेर्मान हेसच्या कादंबरीवरून ‘काचमण्यांचा खेळ’ असंच नाव घेतलं. भाषेतलं जे सर्वांत गंभीर लेखन, ते तिथे थेट अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत पोचत होतं.

आता त्याच वर्षांतल्या मुंबईत या.

१९७२ साल घ्या. नामदेव ढसाळांचं ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झालं. दलित पँथरची स्थापना झाली. ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आलं. लघुनियतकालिकांची चळवळ त्याआधीपासून चालू होतीच. मराठी भाषा तेव्हा जेवढी संतापलेली, मोडतोड करणारी होती, तेवढी क्वचितच कधी असेल. आणि याच १९७२मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. कुलाब्याच्या स्लिप डिस्क क्लबात ते वाजवूनही गेले. ‘सिमला बीट’ स्पर्धेच्या १९७० आणि ७१च्या रेकॉर्ड निघाल्या होत्या. पुढे अ‍ॅटॉमिक फॉरेस्टसारखा बँड मुंबईत होता. गाणी इंग्रजीत.

म्हणजे एकाच शहरात, एकाच वर्षी, बंडाचे शब्द कामाठीपुऱ्यात आणि दादर-गिरगावात होते, आणि बंडाचे सूर कुलाबा-वांद्र्यात. दोघांमध्ये लोकलचं अर्ध्या तासाचं अंतर. ते कापलं गेलं नाही. अरुण कोलटकरांसारखा एखादाच माणूस, जो दोन्हीकडे वावरला. ते पखवाज शिकले आणि इंग्रजीत गाणीही रचली. पण मराठीतला कोलटकर आणि गाणी रचणारा कोलटकर एका गाण्यात भेटले असं काही झालं नाही.

याला तुम्ही भाषेचा पिंड म्हणाल? मी वर्गाचं आणि शाळेचं अंतर म्हणेन. गिटार ज्या घरात पोचली त्या घरात शाळा इंग्रजी होती. ज्या घरात ढसाळ वाचला जात होता तिथे गिटार नव्हती.

‘शब्द बसत नाहीत’ यातही थोडं तथ्य आहे, ते नाकारू नये. इंग्रजीत एकाक्षरी, ठोक्याचे शब्द खूप. मराठीत क्रियापद शेवटी येतं, ओळ ‘आहे’, ‘होते’वर सैल पडते. पण बंगालीतही क्रियापद शेवटीच येतं. तरी कोलकात्यात गौतम चट्टोपाध्याय यांच्या मोहीनेर घोडागुलीने १९७७ साली बंगालीत रेकॉर्ड काढली. त्या बँडचं नावही जीवनानंद दासांच्या कवितेतून उचललेलं. पुन्हा कवी आलाच बघा! मल्याळममध्ये अवियल या बँडचा २००८चा अल्बम ऐका. तेव्हा व्याकरणाची सबब पुरी पडत नाही.

कुणी म्हणेल, सर, तिकडे सरकारी पाठबळ होतं. खरं आहे. झाग्रेबची युगोटोन, बेलग्रेडची पीजीपी, या मोठ्या कंपन्या समाजवादी व्यवस्थेतल्या होत्या, आणि त्या हे रॉक छापत होत्या. आपल्याकडे रेकॉर्डचा बाजार सिनेमाने व्यापलेला. पण बाजाराच्या आकाराचं कारण चालणार नाही. १९८१ साली युगोस्लाव्हियाची लोकसंख्या सव्वादोन कोटींच्या आसपास होती. त्याच वर्षी महाराष्ट्राची सव्वासहा कोटी. आपण जवळजवळ तिप्पट होतो.

मग मराठीत प्रयत्नच झाला नाही का? झाला, आणि तो रंगभूमीवर झाला. आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे. वेल्वेट फॉग, सॅव्हेज एन्काउंटर या मुंबईच्या बँडमध्ये गायलेला माणूस. १९७४ साली अ‍ॅलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्यांनी जूडास केला. आणि १९७८ साली थिएटर अकॅडमीच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त ते मराठीत गायले. मूळ नाटक ब्रेख्तचं, रूपांतर पु. ल. देशपांड्यांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. इथे शब्द आणि सूर पहिल्यांदा एका छपराखाली आले.

हा प्रयोग मी मोलाचा मानतो, आणि तरीही त्यावर माझा एक आक्षेप आहे. त्या नाटकात नाट्यसंगीत, लावणी आणि पाश्चात्य ढंग असे शेजारी-शेजारी नांदतात. एकाने दुसऱ्याला चिमटा काढावा, अशी योजना आहे. ब्रेख्तच्या नाटकाला ते शोभतं. पण त्यामुळे रॉक हा तिथे एक ‘ढंग’च राहतो, पात्राच्या अंगावरच्या कोटासारखा. मर्ढेकरांच्या भाषेत सांगायचं तर विरोध आहे, समतोल नाही. नाटकाने दार उघडलं होतं. त्यातून आत जाऊन मराठी बँड उभा करणारी पिढी आली नाही. नंदू भेंडे २०१४ साली गेले, आणि त्यांच्या नावाने मराठीत एक वाट पडायला हवी होती ती पडली नाही. ऐंशीच्या दशकात रॉक मशीन आला, नंतर इंडस क्रीड झाला. उदय बेनेगल, महेश तिनईकर ही नावं आपल्याच पश्चिम किनाऱ्याची वाटतात, गाणी इंग्रजी. शेजारी गोव्यात रेमो फर्नांडिसने १९८४ साली सिओलीमला घरातच ‘गोअन क्रेझी’ ध्वनिमुद्रित केला. तोही इंग्रजी, पण त्यातला माणूस नक्की कुठल्या गावचा आहे ते कळतं. पुढच्याच वर्षी त्याने जुनी कोकणी गाणी हाताळली. हे मला कोर्नी ग्रुपाच्या इंग्रजी अल्बमपेक्षा जास्त प्रामाणिक वाटतं.

आता आपल्या अंगणात येऊ. आपल्याकडे लांब रचना नाहीत? डबलबारी बघा. दोन बुवा समोरासमोर, पखवाज, पेटी, झांज, लाउडस्पीकर, आणि रात्रभर चालणारी बारी. अभंग, गौळण, गजर, मध्येच सिनेमाची चाल उचलून तिला भलतेच शब्द. समोरच्याच्या गाण्याला तिथल्या तिथे उत्तर. दशावतारात तर नटाच्या हातात लिहिलेली संहिताही नसते, कथानक ठरलेलं आणि संवाद रंगमंचावर घडवायचे. उत्स्फूर्तता, दीर्घ रूप, बदलती लय, विजेचा आवाज. प्रोग्रेसिव्ह रॉकची निम्मी सामग्री आपल्या जत्रेत हजर आहे. तिच्याकडे आपण ‘रूप’ म्हणून बघत नाही, फक्त ‘परंपरा’ म्हणून बघतो.

आणि मालवणीचं काय? गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ १९८० साली आलं, मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले. आपली बोली मुंबईच्या रंगमंचावर मानाने उभी राहिली, हे ऋण मोठं आहे. पण त्यानंतर मालवणी म्हणजे विनोद, असं समीकरण झालं. गाण्यात मालवणी आली की लोक आधीच हसायला तयार. समुद्रात गेलेल्या माणसाची वाट बघणं, मुंबईच्या खोलीत गेलेली जवानी, बंद घराचा गंजलेला कडी-कोयंडा, हे मालवणीत गंभीरपणे, मोठ्या आवाजात गाता येईल का? स्कोप्येच्या मुलांना जे मॅसेडोनियनबद्दल वाटलं नाही, ते आपल्याला मालवणीबद्दल वाटतं. लाज.

यात पणाला काय लागलंय, तेवढं सांगून थांबतो. युगोस्लाव्हिया १९९१पासून फुटला, माणसं मेली, भाषेची नावंसुद्धा वेगळी झाली. ती गाणी मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना आजही म्हटली जातात, कारण ती त्या लोकांच्या जिभेवरची होती. जी पिढी आपला राग आणि दुःख उसन्या भाषेत गाते, तिचं गाणं तिच्याबरोबर संपतं. मागे राहतात त्या रेकॉर्ड, संग्राहकांसाठी.

घरी गेल्यावर एक करा. लेब इ सोलचा १९७८चा अल्बम ऐका, हातावर तीन-दोन-दोन मोजत. नंतर त्याच आठवड्यात जवळपास डबलबारी असेल तिथे जा आणि पखवाजाकडे कान द्या. दोन्हीत काय सारखं वाटलं, काय वाटलं नाही, ते पुढच्या वेळी मला सांगा. गिटारवाल्या मुलांनी येताना एखादा कवी बरोबर आणावा.

आता प्रश्न घेऊया.