षट्खंडागमांतील ‘संजद’ पद आणि कारंज्याची प्रत

वाशिम जिल्ह्यांतील कारंजा (लाड) हें गांव पोथ्यांच्या शोधकांस अपरिचित नाहीं. तेथील सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ या तीन परंपरांच्या मंदिरांतील भांडारांची ओळख रायबहादूर हिरालाल यांच्या १९२६ सालच्या सूचीनें विद्वानांस झाली, आणि पुढें कारंज्याच्या ग्रंथमालांतून ‘जसहरचरिउ’ (१९३१), ‘णायकुमारचरिउ’ (१९३३) असे अपभ्रंश ग्रंथ एकामागून एक बाहेर पडले. परंतु आज ज्या पोथीविषयीं आम्हांस लिहावयाचें आहे, ती या जुन्या बस्त्यांतील नव्हे. ती तेथील महावीर ब्रह्मचर्याश्रमाची, विसाव्या शतकांत कागदावर उतरलेली नक्कल होय. संग्राहक तिच्याकडे ढुंकूनहि पाहणार नाहीत. तरी दिगंबर संप्रदायाच्या सर्वांत मान्य आगमांतील एका अवघड सूत्राचा निर्णय करतांना हिची साक्ष घ्यावी लागली, व ती साक्ष चुकीची होती. चुकीची साक्षहि किती उपयोगी पडते, हें दाखविण्याचा येथें हेतु आहे.

धरसेनाचार्यांपासून विद्या घेऊन पुष्पदंत व भूतबली यांनीं ‘षट्खंडागम’ रचला अशी परंपरा आहे. (हा पुष्पदंत आचार्य, ‘जसहरचरिउ’कार कवि पुष्पदंत याच्याशीं त्याचा घोटाळा करूं नये.) त्यावर वीरसेनाची ‘धवला’ टीका नवव्या शतकांतील आहे. मूळ ताडपत्रें जुन्या कानडी लिपींत, दक्षिण कानडांतील मुडबिद्री येथें. शतकानुशतकें तीं दर्शनाचीच वस्तु होऊन राहिलीं होतीं, वाचणारा क्वचितच. पुढें त्यांची नक्कल करण्याचें काम चाललें असतां गजपति उपाध्याय यांनीं आपल्या पत्नीच्या साहाय्यानें गुप्तपणें एक कानडी प्रत करून घेतली. ती सहारनपुरास गेली, तेथें तिची नागरी झाली, व त्या नागरीवरून सीताराम शास्त्री यांच्या द्वारें आरा, अमरावती, कारंजा इत्यादि ठिकाणीं प्रती पसरल्या. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजांत संस्कृताचे अध्यापक असलेले डॉ. हीरालाल जैन यांनीं १९३९ सालीं पहिला भाग छापला, तो या प्रतींच्या आधारावर.

आतां सूत्र पाहूं. ‘सत्प्ररूपणा’ प्रकरणांतील ९३ वें सूत्र मनुष्यिणींविषयीं, म्हणजे मनुष्यगतींतील स्त्रियांविषयीं, आहे. मनुष्यिणी कोणत्या गुणस्थानांत नियमानें पर्याप्त असतात, हें त्यांत सांगितलें आहे. प्रतींत जीं नांवें होतीं तीं तीन: सम्यग्मिथ्यादृष्टि, असंयतसम्यग्दृष्टि व संयतासंयत, म्हणजे तिसरें, चौथें व पांचवें गुणस्थान. येथेंच थांबलें तर दिगंबर मताशीं सर्व जुळतें. वस्त्रत्यागावांचून पूर्ण संयम नाहीं, स्त्रीस वस्त्रत्याग नाहीं, म्हणून ती पांचव्याच्या वर जाऊं शकत नाहीं व त्या देहांत तिला मोक्ष नाहीं, असें तें मत. श्वेतांबर व यापनीय यांस तें मान्य नाहीं. यापनीय शाकटायनानें तर स्त्रीनिर्वाणावर स्वतंत्र प्रकरणच लिहिलें आहे. सूत्रांत ‘संयतासंयत’ यापुढें ‘संयत’ हें एक पद अधिक आलें, कीं सहाव्यापासून चौदाव्यापर्यंतचीं सारीं दारें शब्दशः उघडतात.

अमरावती, आरा, कारंजा या तिन्ही प्रतींत ‘संजद’ नाहीं. संपादकांनीं मूळांत तें घातलें नाहीं. तळटीपेंत मात्र येथें ‘संजद’ हा पाठ गळालेला दिसतो असें नमूद केलें. एवढ्या एका टीपेवरून समाजांत केवढें वादळ उठलें! पुढें आगम ताम्रपटांवर कोरण्याचें काम निघालें तेव्हां हें पद ठेवावें कीं गाळावें यावर पुनः रण माजलें. तळटीपेमुळें इतका क्षोभ झाल्याचें दुसरें उदाहरण मराठी मुलुखांत आम्हांस आठवत नाहीं.

विरोधकांचा मुख्य मुद्दा वरवर भक्कम दिसतो: तीन गांवच्या तीन प्रती एकच पाठ देतात, मग संपादकानें चौथा पाठ कोठून आणला? परंतु प्रतींचें कूळ पाहिलें म्हणजे हा मुद्दा टिकत नाहीं. तिन्ही प्रती सहारनपुरच्या एकाच आईच्या लेकी. आईच्या पोटीं जो दोष तो लेकींत उतरणारच. तीन साक्षीदार एकाच माणसाकडून ऐकलेली गोष्ट सांगत असतील तर न्यायाधीश ती एकच साक्ष धरतो. तरीहि कारंज्याची प्रत निरुपयोगी नाहीं. ती इतर दोघींशीं जुळते म्हणूनच दोष त्या त्या गांवच्या लेखकाचा नसून शाखा फुटण्यापूर्वींचा आहे, हें आपणांस ठामपणें म्हणतां येतें. ती नसती तर संशय उगीच अमरावतीच्या किंवा आऱ्याच्या लेखकावर गेला असता.

हा दोष मतलबानें झाला असें कांहीं सुधारकांनीं सुचविलें. तें आम्हांस अन्याय्य वाटतें. ‘संजदासंजद’ या पदाचा शेवट ‘संजद’ असा, व लगेच पुढें पुनः ‘संजद’. लिहितां लिहितां डोळा एका ‘संजद’वरून दुसऱ्यावर घसरतो आणि मधलें पद नाहींसें होतें. ज्यानें स्वतः चार पोथ्या उतरल्या आहेत त्याला हें सांगावयास नको. हा बौद्धिक अपराध नाहीं. थकलेल्या डोळ्यांचा आहे.

पण गळालें असेल इतकें म्हणून भागत नाहीं. गळालें आहे असें ठरवावयाचें कशावरून? येथें वीरसेनाची टीकाच मोठी साक्षीदार. या सूत्राखालीं तो शंका उपस्थित करतो कीं, मग याच आर्ष वचनावरून द्रव्यस्त्रियांस, म्हणजे देहानें स्त्री असणाऱ्यांस, मोक्ष सिद्ध होईल. उत्तर देतो कीं नाहीं, कारण त्या सवस्त्र असल्यामुळें त्यांस पूर्ण संयम संभवत नाहीं. पुढें विचारतो कीं मग त्यांच्या ठायीं चौदा गुणस्थानें कशीं सांगितलीं, आणि भावानें स्त्रीवेद असलेल्या मनुष्यगतीच्या अपेक्षेनें, असें समाधान करतो. सूत्र जर पांचव्या गुणस्थानावरच संपत असेल तर ही शंका निघतेच कशी? घरांत धूर नसतां कोणी विस्तवाचा शोध करीत नाहीं. शिवाय त्याच आगमाच्या द्रव्यप्रमाण प्रकरणांत मनुष्यिणींची गणना अयोगिकेवलीपर्यंत नेली आहे. टीपेस आधार होता तो हा. संपादकाचा लहरीपणा नव्हे.

बायबलच्या पाठचिकित्सकांस असे प्रसंग परिचयाचे आहेत. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १४ व्या अध्यायांत स्त्रियांनीं मंडळींत गप्प रहावें असें सांगणारीं ३४ व ३५ हीं वचनें कांहीं ग्रीक-लॅटिन हस्तलिखितांत ४० व्या वचनानंतर येतात; त्यावरून तीं मुळांत समासांत होतीं काय, असा वाद आजहि चालूं आहे. रोमकरांच्या पत्रांत (१६:७) प्रेषितांच्या संदर्भांत येणारें ‘युनिया’ हें नांव प्राचीन टीकाकार ख्रिसोस्तोम यानें स्त्रीचें म्हणून वाचलें. विसाव्या शतकांतील बहुतेक छापील ग्रीक आवृत्त्यांनीं केवळ स्वरचिन्ह बदलून तें पुरुषाचें केलें, व शतकाच्या अखेरीस पुनः स्त्रीचें झालें. तेथेंहि टीकाकारानें काय वाचलें हें पाहूनच नांव परत मिळालें. अठराव्या शतकांतील जर्मन पंडित बेंगेल याचा नियम असा कीं, दोन पाठांत जो लेखकास अवघड तो जुना समजावा. दिगंबर लेखकास ‘संजद’ हें पद अवघड. तो तें आपण होऊन घालणार नाहीं.

पुढें मुडबिद्रीच्या ताडपत्रांशीं पडताळा घेतां आला, आणि तेथें ‘संजद’ मिळालें. १९७३ सालीं सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघानें काढलेल्या सुधारलेल्या आवृत्तींत तें मूळांत आलें.

आतां डॉ. हीरालाल जैन यांच्या बाजूच्या कांहीं लेखकांशीं आमचा एक मतभेद. पद मिळालें म्हणजे आगमानें स्त्रीमोक्ष मान्य केला, असें त्यांनीं उत्साहानें लिहिलें. पाठ कोणता व त्याचा अर्थ कोणता हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वीरसेनासमोर ‘संजद’ होतें, तरी त्यानें ‘मनुष्यिणी’ याचा भावस्त्री असाच अर्थ केला. तो अर्थ सूत्रकारांचाच कीं वीरसेनानें संप्रदायाच्या रक्षणार्थ बसविलेला, हा खरा वाद. तो ताडपत्रानें मिटत नाहीं. आमचें मत विचाराल तर, सूत्रांत द्रव्य-भाव असा भेद कोठेंहि केलेला नाहीं, आणि वीरसेनाच्या उत्तरांतील अवघडलेपणा लपत नाहीं. परंतु हें मत झालें. पाठ सिद्ध झाला तसें हें सिद्ध झालें असें आम्ही म्हणणार नाहीं. उलट, अर्थ आपल्यास सोयीचा नाहीं म्हणून पद खोडूं पाहणाऱ्यांनीं वीरसेनाचें उदाहरण पहावें. त्यानें अवघड पद जागच्या जागीं ठेवलें व त्याच्याशीं उघड झुंज घेतली.

ज्यांच्या ताब्यांत धवलेच्या नकला आहेत त्यांस आमची एक विनंति आहे. ताडपत्र मिळालें म्हणून या कागदी प्रती रद्दींत काढूं नयेत. ९३ व्या सूत्राचें पान काढून त्याचा समास पहावा, मागाहून कोणी ‘संजद’ घातलें आहे काय, शाई वेगळी आहे काय, हें टिपून ठेवावें, आणि पुष्पिकेंतील लेखकाचें नांव, गांव व तिथि यांच्या छायाचित्रासह तें या त्रैमासिकाकडे पाठवावें.