कात्रीने रचलेलं संगीत : ‘टागो मागो’ आणि त्याचे वारसदार

पश्चिम जर्मनीतल्या कलोन शहरातल्या ‘कॅन’ या बँडचा ‘टागो मागो’ हा दुहेरी अल्बम १९७१ साली बाजारात आला. चार बाजू, सात गाणी, ७३ मिनिटं. त्यातलं एक गाणं साडेअठरा मिनिटांचं, दुसरं साडेसतरा मिनिटांचं. रॉक संगीतातल्या प्रयोगांचा विषय निघाला की पन्नास वर्षांनंतरही या अल्बमचं नाव पहिल्या काहींत येतं. पण त्याचं जे कौतुक होतं, ते अनेकदा भलत्याच गोष्टीचं होतं. बेबंद, मुक्त, मनाला येईल तसं वाजवलेलं संगीत अशी त्याची ख्याती झाली आहे. प्रत्यक्षात इतक्या करड्या शिस्तीने बांधलेले रॉक अल्बम फार थोडे सापडतील.

ही शिस्त कुठून आली ते कळायला आधी माणसं पाहावी लागतात. १९६८मध्ये कॅन सुरू झाला तेव्हा त्यातले तिघे तिशीत होते, म्हणजे रॉकच्या हिशेबाने पोक्तच. बास वाजवणारा होल्गर चुकाय आणि की-बोर्ड वाजवणारा इर्मिन श्मिट हे दोघेही कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेन या संगीतकाराचे विद्यार्थी. टेपवरचा आवाज कापायचा, उलटा फिरवायचा, दुसऱ्या आवाजाला जोडायचा आणि त्यातून रचना उभी करायची, हे काम कलोनच्या रेडिओ केंद्रातल्या इलेक्ट्रॉनिक स्टुडिओत पन्नासच्या दशकापासून चाललं होतं. श्मिट १९६६मध्ये संगीत-संचालनाच्या एका स्पर्धेसाठी न्यूयॉर्कला गेला आणि एकाच आकृतीभोवती तासन्‌तास घोळणाऱ्या टेरी रायली प्रभृतींच्या संगीताच्या नादी लागून परतला. ड्रमर याकी लीबेत्साइट फ्री जॅझमधून आलेला. तिथे सगळं मोकळं, ताल धरून ठेवणं जवळजवळ निषिद्ध. त्या मोकळेपणालाच तो कंटाळला होता. चौथा मिशाएल करोली चुकायचा शिष्य, वयाने दहा वर्षांनी लहान. त्याने गुरूला बीटल्स ऐकवले आणि तोवर रॉककडे ढुंकूनही न पाहणारा चुकाय या बाजूला वळला.

या पिढीच्या पाठीवर युद्धाचं ओझं होतं. चुकायचा जन्म डॅन्झिगचा, युद्धाच्या शेवटी त्याच्या कुटुंबाला ते शहर सोडावं लागलं. श्मिटने शाळेच्या मासिकात शिक्षकांचा नाझी भूतकाळ उघड केला म्हणून त्याला शाळेतून काढून टाकलं होतं. आधीच्या जर्मन परंपरेवरचा विश्वास उडालेला, इंग्रज-अमेरिकनांची नक्कल करायची नाही, अशा पेचातून हे लोक वाट शोधत होते. म्हणून त्यांनी ब्लूजच्या साच्यातली गाणी लिहिली नाहीत. नेता नेमला नाही. गाण्यांचं श्रेयही सगळ्यांच्या नावावर सामाईक ठेवलं.

गायक मात्र योगायोगाने मिळाला. पहिला गायक, अमेरिकन चित्रकार-शिल्पकार माल्कम मूनी, मन:स्वास्थ्य बिघडल्याने मायदेशी परतला होता. मे १९७०मध्ये म्युनिकच्या रस्त्यावर चुकाय आणि लीबेत्साइट यांना एक लांब केसांचा जपानी तरुण ओरडत-गात चाललेला दिसला. दामो सुझुकी, वय वीस. त्याच रात्री तो त्यांच्यासोबत मंचावर उभा राहिला. तालीम नाही, गाणी नाहीत. इंग्रजी, जपानी आणि कुठल्याच भाषेत न बसणारे उच्चार एकमेकांत मिसळत तो गाई. या अल्बमवर तो कधी पुटपुटतो, कधी किंचाळतो, आणि त्याचा आवाज बहुतेक वेळा वाद्यांच्या पुढे येत नाही, त्यांच्यातलंच एक वाद्य होऊन राहतो.

कलोनजवळच्या नोर्व्हेनिश गावातल्या एका जुन्या गढीवजा वाड्यात बँडला वर्षभर बिनभाड्याने राहायला मिळालं होतं. नोव्हेंबर १९७० ते फेब्रुवारी १९७१ या काळात ‘टागो मागो’ तिथेच ध्वनिमुद्रित झाला. दगडी दालनांचा घुमारा आयताच मिळाला. बाकी साधनं तुटपुंजी : दोन ट्रॅकची टेप यंत्रं आणि मोजके मायक्रोफोन. लंडनच्या स्टुडिओंमध्ये त्या सुमारास आठ आणि सोळा ट्रॅकवर काम होत होतं.

पद्धत अशी. सगळे एकत्र बसून तासन्‌तास वाजवत, टेप फिरत राही. वादक सूर जुळवत असताना, नुसती बोटं मोकळी करत असतानाही चुकाय यंत्र चालू ठेवी. मग तो टेपची रिळं घेऊन बसे आणि त्यातून गाणं काढे. दोनच ट्रॅक असल्यामुळे ड्रमचा आवाज नंतर कमी करणं किंवा गळा तेवढा उचलून पुढे आणणं शक्य नव्हतं. फार तर एका यंत्रावरचं दुसऱ्यावर उतरवताना वर एखादा थर चढवता येई. मोठा निर्णय एकच उरे, कुठे कापायचं आणि कशाला जोडायचं. आणि वेगवेगळ्या वेळी वाजवलेले दोन तुकडे जोडायचे तर दोन्हींतली लय तंतोतंत जुळायला हवी. लीबेत्साइटचं मोठेपण इथे आहे. त्याच्या वादनाला यंत्रवत म्हणण्याची पद्धत पडली आहे, पण त्याचा हात इतका स्थिर नसता तर चुकायची कात्री चाललीच नसती. मुक्त वादनातून बांधीव रचना निघाली ती या दोघांच्या जोडीमुळे.

‘हॅलेलुवा’ हे साडेअठरा मिनिटांचं गाणं कान देऊन ऐकलं की हे उलगडतं. ड्रमची एक आकृती पहिल्या काही क्षणांत ठरते आणि जवळजवळ शेवटपर्यंत टिकते. बास मोजक्याच सुरांवर फिरतो. आपल्याकडे एकल तबलावादनात लेहरा धरणारा एकच धून पुन्हापुन्हा वाजवतो आणि तबलजी त्यावर मनसोक्त खेळतो. इथे भूमिका उलट्या झाल्या आहेत. ठेका लेहऱ्यासारखा बांधलेला आणि भटकण्याची मुभा गिटारला, व्हायोलिनला, की-बोर्डला, गळ्याला. सुझुकी मध्येच याच अल्बमवरच्या दुसऱ्या गाण्यांची नावं ओवून टाकतो. करोलीची गिटार सुरुवातीला नुसते छोटे टवके काढते, मग हळूहळू रान पेटतं. ठेक्याच्या आत मात्र अगदी बारीक फरक चालू असतात. एखादा ठोका किंचित हलका पडतो, झांज एखाद्याच आवर्तनात उघडते. पाचव्या-सहाव्या ऐकण्यात हे फरक जाणवू लागतात आणि मग ते गाणं लांब वाटत नाही.

पहिल्या तबकडीवरची बाकी गाणी याच सूत्रावर चालतात. ‘मश्रूम’ संपताना स्फोट होतो आणि त्यातूनच ‘ओ येआ’ सुरू होतं. तिथे सुझुकीचा आवाज आधी टेप उलटी फिरवून ऐकवला आहे, पुढे तो जपानीत गातो.

दुसरी तबकडी वादाची. ‘ऑमग्न’ आणि ‘पेकिंग ओ’ या दोन रचना मुळात बँडचे खेळ होते. दुहेरी अल्बमचा आग्रह धरला तो हिल्डेगार्ड श्मिट यांनी. त्या इर्मिनच्या पत्नी आणि बँडच्या व्यवस्थापक. ‘ऑमग्न’मध्ये सुझुकी नाहीच. इर्मिन श्मिटचा खर्जातला ओंकारासारखा स्वर ताणला, घुमवला आहे, खोलीत चुकून शिरलेल्या मुलाचा आवाज आणि कुत्र्याचं ओरडणंही टेपवर राहू दिलं आहे. मराठी वाचकाला इथे भारतीय अध्यात्म आठवेल, पण हे शीर्षक अलिस्टर क्रोली या इंग्रज गूढवाद्याच्या लिखाणातून आलं आहे आणि रचनेत शांती अजिबात नाही, भीती आहे. त्या काळात भारताकडे खरोखर वळलेले जर्मन संगीतकार वेगळे. डॉयटरने याच १९७१मध्ये पहिला अल्बम काढला आणि पुढे तो पुण्याच्या रजनीश आश्रमात राहून ध्यानासाठी संगीत रचू लागला. कॅनची जातकुळी ती नव्हे. ‘ऑमग्न’ आजही अंगावर येतं. ‘पेकिंग ओ’बद्दल मात्र तसं म्हणता येत नाही. ताल-यंत्राचा रॉकमधला इतका आधीचा वापर म्हणून त्याचं ऐतिहासिक मोल आहे, पण लीबेत्साइटचा हात बाजूला झाला की रचना कशी विस्कटते, याचा तो पुरावाही आहे.

वारशाची गोष्ट इथूनच तपासायला हवी. इंग्लंडमधल्या पंकनंतरच्या पिढीने कॅनला डोक्यावर घेतलं. ‘पब्लिक इमेज लिमिटेड’चा जॉन लायडन उघडपणे चाहता होता. त्याच बँडमध्ये बास वाजवणाऱ्या जाह वॉबलने पुढे चुकाय आणि लीबेत्साइटसोबत ‘फुल सर्कल’ (१९८२) केला. ‘द फॉल’ने १९८५मध्ये सुझुकीच्या नावाने गाणंच केलं. पण या बहुतेकांनी उचलला तो ठेका आणि तो तुटक, खडबडीत आवाज. कात्री कुणी उचलली नाही.

ती उचलली ‘टॉक टॉक’च्या मार्क हॉलिसने. ‘स्पिरिट ऑफ ईडन’ (१९८८) करताना अनेक वादकांकडून तासन्‌तास सुटं वाजवून घेतलं आणि त्यातले क्षण निवडून रचना बांधली. कानाला हा अल्बम ‘टागो मागो’च्या जवळपासही नाही, शांत आणि विरळ आहे, तरी सच्चा वारस तोच. ‘रेडिओहेड’च्या ‘अ‍ॅम्नेझिअ‍ॅक’मधलं (२००१) ‘डॉलर्स अँड सेंट्स’ हे गाणंही असंच लांबलचक वादन छाटून, कॅनचा आदर्श समोर ठेवून घडलं.

आज कापणं-जोडणं प्रत्येकाच्या लॅपटॉपवर आहे, ट्रॅकला मर्यादा नाही. तरी प्रयोगशील म्हणवणाऱ्या रॉकमध्ये दोन टोकंच जास्त दिसतात : एकीकडे वाजवलं तसं पूर्ण सोडून दिलेलं लांबण, दुसरीकडे प्रत्येक ठोका संगणकाने रेषेवर बसवलेलं निर्जीव काम. माणसाच्या हाताची स्थिर लय आणि निवड करणारा निर्दय कान यांची सांगड दुर्मीळ झाली आहे. कॅनचंच उदाहरण घ्या. २०१२मध्ये ‘द लॉस्ट टेप्स’ निघाला, तो तीस तासांहून जास्त ध्वनिमुद्रणातून निवडलेला, सुमारे तीन तासांचा. २०२१पासून जुन्या मैफलींचे अल्बम येऊ लागले. त्यांत वादन अस्सल आहे, उंची गाठणारे क्षण आहेत, पण मध्ये मध्ये ते भरकटतं, कारण तिथे चुकायची कात्री नाही.

करोली २००१मध्ये गेला, लीबेत्साइट आणि चुकाय २०१७मध्ये, सुझुकी फेब्रुवारी २०२४मध्ये. ‘टागो मागो’ नव्याने ऐकणाऱ्याने सुरुवात ‘हॅलेलुवा’पासून करावी, हेडफोन लावून, मध्ये न थांबता. पहिल्या वेळी फक्त ड्रमवर लक्ष ठेवावं. दुसऱ्या वेळी जोड शोधावेत. त्यानंतर ‘स्पिरिट ऑफ ईडन’ लावावा.